एक तास चौतीस मिनिटांपासून पुढे

भास्कर, काल तो पिक्चर मी शेवटपर्यंत बघितला.

तुझ्याच घरी, पिंपळे गुरवला, सकाळी नऊ वाजता, खिडकीला खोक्याचा पुठ्ठा लावून. वहिनी शेजारी बसल्या होत्या. तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि या अठरा दिवसांत मी आपणहून केलेलं हे पहिलं काम. बाकी सगळं आपोआप चाललंय. कंपनीची बस येते, मी चढतो. डबा उघडतो, खातो, भाजी कुठली होती ते मागाहून आठवत नाही. रडू अजून आलेलं नाही. आई रोज विचारते, "आरं, तुला काय व्हतंय का?" मी म्हणतो, काही नाही. आणि खरंच काही होत नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालोय.

तू कुठला, किती शिकलेला, मागे कोण कोण, हे लिहायला मी बसलेलो नाही. ते एचआरनं नोटीस बोर्डावर लावलं होतं, फोटोसकट. फोटो तुझ्या ओळखपत्रावरचा, ज्यात तू स्वतःच्याच लग्नात उपाशी राहिल्यासारखा दिसतोस. मी बसलोय ते आपलं भांडण पुरं करायला. ते अर्धवट राहिलं होतं आणि त्यात मी खोटा होतो.

सहा वर्षं आपण चाकणला एकाच मशीनवर काम केलं, पण बरोबर असायचो रोज दहाच मिनिटं. मी थर्ड शिफ्टवाला, म्हणजे रात्रीचा, तू फर्स्टवाला. सकाळी सातला मी खुर्चीवरून उठायचो आणि तिच्यावरच तू बसायचास. सहा वर्षांत ती खुर्ची कधी थंड झाली नसेल. काम तेच, गिअरबॉक्सच्या झाकणांत हवा भरायची आणि गळतंय का बघायचं. गळलं नाही तर हिरवा दिवा, गळलं तर लाल. आणि शिफ्ट सुरू करताना पहिलं काम म्हणजे लाल रंग दिलेलं, मुद्दाम भोक पाडलेलं एक खराब झाकण मशीनवर चढवायचं. मशीननं ते पकडलं तर मशीन शहाणं. नाही पकडलं, त्यालाही हिरवा दिवा दिला, तर मशीन थांबवायचं आणि मागच्या शिफ्टपासून जेवढं पास केलं तेवढं सगळं परत तपासायचं. बाकीचे लोक हा लाल पीस कंटाळत लावायचे. तू मात्र अगदी मन लावून लावायचास. म्हणायचास, "खेडकर, मशीनला विचारायचं नस्तं तू बरं हायस का म्हणून. ते हो म्हणणारच की. त्याला खोटं देऊन बघायचं."

मी खेडकर नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राजगुरुनगरचा म्हणून गावाच्या जुन्या नावावरून, खेडवरून, तू मला खेडकर केलंस आणि नंतर सुपरवायझरसुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला. तू लातूरकडचा, पण मी तुला कधी लातूरकर म्हटलं नाही. सुचलंच नाही बघ. चिडवण्यात मी तुझ्यापुढे नेहमीच कमी पडलो.

आणि तुला पिक्चरचा नाद. तोही चारचौघांसारखा असता तर काही म्हणणं नव्हतं. तुला लागायचे परदेशातले, कुठल्या तरी थंड देशातले, ज्यात माणसं दहा मिनिटं खिडकीबाहेर बघतात आणि मग म्हणतात, चहा घेणार का. खाली इंग्रजी पाट्या. तू फोनवर शब्द शोधत शोधत, थांबवत थांबवत, दोन तासांचा पिक्चर चार तास बघायचास. वर्षभर माझ्या मागे लागला होतास, एकदा माझ्यासोबत बघ. शेवटी एका गुरुवारी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, मी थर्ड शिफ्ट संपवून बसनं थेट तुझ्याकडे आलो. तू रात्रभर झोपून ताजातवाना. मी रात्रभर झाकणं तपासून आलेला. तुझ्या हे लक्षात यायला हवं होतं, पण उत्साहाच्या भरात तुझं लक्ष कशावरच नसायचं. खिडकीला पुठ्ठे आधीच लावून ठेवले होतेस, कंपनीतल्याच खोक्यांचे, "वरची बाजू" लिहिलेला बाण खाली करून. वहिनींनी चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. मी दोन ताटल्या सुशीला खाल्ली आणि भिंतीला टेकून बसलो. तिथंच घात झाला.

पिक्चर रक्तपिपासूचा होता. मला वाटलं, बरं झालं, निदान जागं तरी राहता येईल. कसलं काय! एक म्हातारा, शेकडो वर्षं जगलेला, अंगात एकच कोट. बर्फातलं गाव. त्या गावात एक विधवा कपडे रफू करते. हा रोज संध्याकाळी तिच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्याची अट अशी की घरातलं माणूस 'ये' म्हणाल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आणि ती म्हणत नाही. दाराआडून कोट घेते, टाका घालते, दाराआडूनच परत देते. बोलतात, पण पावसापाण्याचं. अख्ख्या पिक्चरात रक्त एकदाच दिसतं, तेही सुई टोचून तिच्या बोटाला आलेलं, आणि तेव्हा तो मान फिरवतो. तू पिक्चर थांबवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बघितलास? मान फिरवली त्यानं." तुझे डोळे भरले होते. मी म्हटलं, हो ना राव. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माणूस दारात उभा हाय, ये म्हणायला काय जातंय तिचं?"

त्यानंतर कधीतरी माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा पडद्यावर नावं चालली होती, माझ्या अंगावर चादर होती आणि तू विचारत होतास, "शेवट कसा वाटला?"

तेव्हाच म्हणायचं, झोपलो होतो. त्यात लाजण्यासारखं काय होतं? रात्रपाळी करून आलेला माणूस झोपणारच. पण तुझं तोंड बघून माझ्याच्यानं म्हणवलं नाही. मी म्हटलं, "जबरदस्त."

पुढचे आठ महिने ते जबरदस्त माझ्या गळ्यात अडकलं. समोरासमोर दहाच मिनिटं, म्हणून आपण लिहून भांडायचो. शिफ्ट रजिस्टरची पुढची पानं कामाची, मागची आपली. तिसऱ्या पाळीत मी लिहायचो, पहिल्या पाळीत तू उत्तर द्यायचास. तुझं मत मला पाठ आहे. तू लिहिलं होतंस, "बघणाऱ्याचं मत. हा भुताचा पिक्चर नाही. हा ताटकळणाऱ्या माणसाचा पिक्चर आहे. रक्त पिणाऱ्याला कोण भितं? भीती या गोष्टीची आहे की एक शब्द पुरला असता आणि तो वेळेवर कुणी बोललं नाही. पिक्चर हळू आहे म्हणणाऱ्यांनी कधी कुणाच्या दारात उभं राहून बघावं, वेळ हळूच जातो." त्याखाली मी लिहिलं होतं, "यापेक्षा मशीनचं तेल गळताना बघितलेलं परवडलं. ते निदान खाली तरी पडतं." तू लिहिलंस, "नाइट शिफ्टचा माणूस आणि त्याला घाई. बस चुकायलीय का?" असं पानामागून पान.

एकदा गिऱ्हाइकाकडून आलेल्या ऑडिटरनं नेमकं रजिस्टर मागून उघडलं. त्यानं विचारलं, "ये खून पीनेवाला कौन है?" सुपरवायझर पांढराफटक. तू शांतपणे म्हणालास, "साहेब, फिल्म का है. सुपरवायझर के बारे में नहीं है." तेव्हापासून रजिस्टरची शेवटची पानं आपल्याला तोंडी परवानगीनं मिळाली.

मग तू तो प्रश्न लिहिलास. "बाकी सोड, एवढंच सांग. शेवटी ती उठून दाराची कडी काढते, ती दया येऊन की भीती जाऊन? नीट विचार करून लिही."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, मी उचललं पेन आणि लावलं कागदाला. सव्वा पान लिहिलं. दया येऊन, असं ठासून सांगितलं. पुरावासुद्धा दिला की कडी काढताना तिचा हात थरथरतो, भीती गेलेल्या बाईचा हात थरथरेल कसा? सकाळी तू वाचलंस, माझ्यासमोरच. मी बॅग भरत चोरून बघत होतो. तू मान डोलावलीस आणि खाली लिहिलंस, "हात थरथरतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. परत बघावं लागंल." पुढे कितीदा तरी तू मध्येच विचारायचास, "खेडकर, कडी कुठल्या अंगाला होती रे?" मी म्हणायचो, डाव्या. तू म्हणायचास, बरोबर. आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायचास. आता कळतंय, ती कशासाठी लावायचास ते.

त्या रविवारी सात वाजले आणि तू आला नाहीस. आपल्याकडे रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, तो नियम. सात दहा झाले, बस गेली. मी वैतागलो. रजिस्टरमध्ये मागच्या पानावर लिहिलं, "भास्कर आला नाही. माझी बस चुकवली. उद्या याला बघतोच." सात वीसला सुपरवायझर आला, माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत म्हणाला, "भास्कर घरीच गेला, राव. अटॅक. बूट घालत होता म्हणे." मी विचारलं, "मग आता रिलीव्हर कोण?" तोंडातून हेच आलं. दुसरा माणूस मिळेपर्यंत अकरा वाजले. तोपर्यंत तुझी शिफ्ट मीच चालवली. लाल पीस लावला, मशीननं पकडला. त्या चार तासांत माझ्या हातून एकही चूक झाली नाही.

दुपारी तुला गावी न्यायला गाडी लागली तेव्हा मी पिंपळे गुरवला उभा होतो. लोक चढले. कुणीतरी विचारलं, येताय का? मी म्हटलं, रात्री ड्यूटी आहे. गाडी गेली आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेतला. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

परवा वहिनी गावाहून परतल्या, लेकीची शाळा आहे म्हणून. काल गुरुवार. शिफ्ट संपवून मी तसाच त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं, लेकीचा अभ्यास कसा चाललाय ते सांगितलं, आणि मग कपाटातून एक पेनड्राइव्ह आणून माझ्या हातात ठेवला. "हे तुमचं हाय म्हणायचे. तुम्ही मागितलं तरच द्यायचं, असं बजावलं होतं. पर आता तुम्ही कसं मागणार, अन् मी तरी किती दिस ठेवू?"

पेनड्राइव्हला पिवळा टॅग बांधलेला होता. आपल्या मशीनवरचाच. लाल टॅग म्हणजे माल बाद. पिवळा म्हणजे होल्ड, माल बाजूला ठेवलाय, निर्णय व्हायचाय. त्यावर तुझ्या त्या लेथवर कोरल्यासारख्या अक्षरात भरलेलं होतं. भागाचं नाव: खेडकर. दोष: एक तास चौतीस मिनिटांपासून पुढे बघायचं राहिलंय. निर्णय: हा रकाना मोकळा. खाली तुझी सही.

मी वहिनींना विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"आवो, तुम्ही घोरत होता. चादर म्याच टाकली. हे म्हणाले, उठवू नको, रातभर जागून आलाय. मग घरी येऊन सांगायचे, आज त्यानं कडी डाव्या अंगाला केली, अन् हसू हसू लोटपोट. म्या म्हणलं, सरळ विचारून टाका की. तर म्हणायचे, न्हाई. खेडकर सांगंल एक दिस आपणहून. आपण नाही विचारायचं."

मग आम्ही दोघांनी पिक्चर लावला. पुठ्ठे अजून पलंगाखालीच होते. मी एक तास चौतीस मिनिटांवर आणला.

तुला माहीतच आहे, पण माझ्याकडून ऐक. बर्फ वाढतो. तिच्याकडची लाकडं संपतात. ती आधी स्टूल जाळते, मग टेबल, मग एक दिवस बिजागऱ्या काढते आणि दार जाळते. नुसती चौकट राहते. म्हातारा संध्याकाळी येतो आणि त्या मोकळ्या चौकटीबाहेर तसाच उभा राहतो, कारण दार नसलं तरी 'ये' म्हटलेलं नाही. आत बर्फ येतो, तो येत नाही. ती अंथरुणाला खिळलेली आहे, त्याच्याकडे बघते. रात्र जाते. कॅमेरा हलत नाही. त्याच्या पाठीवर उजेड पडायला लागतो, उजेडात तो संपणार, तरी हलत नाही. तेव्हा कुठे ती म्हणते, ये. तो एक पाऊल आत टाकतो. पुढचं दाखवत नाहीत. जमिनीवर कोट दिसतो, तिनंच टाके घातलेला.

वहिनींनी खिडकीचा पुठ्ठा काढला. मग म्हणाल्या, "म्हणाली बघा शेवटी. पर लई उशीर केला बाईनं."

म्हणजे कडी नव्हती. डावी नव्हती, उजवी नव्हती. हात थरथरायला मुळात दारच नव्हतं. तू मला लाल पीस लावलास, भास्कर, भोक पाडलेला, दिसेल असा, आणि मी त्याला हिरवा दिवा दिला. सव्वा पानाचा. मला हसू आलं. वहिनींसमोर मोठ्यानं हसलो. अठरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं ते हसू आलं, आणि वहिनीसुद्धा हसल्या, डोळ्याला पदर लावून.

घरी येताना बसमध्ये मात्र तो नियम आठवला. लाल पिसाला हिरवा दिवा मिळाला, तर मागचं सगळं परत तपासायचं.

दिवाळीनंतरची एक सकाळ. मी बॅगेची चेन लावत होतो, बाहेर बसवाला हॉर्न देत होता. तू जबड्याखाली हात धरून म्हणालास, "खेडकर, हितं दुखायलंय रे. अन् जिना चढलं की छाती भरून यायलीय. काय असंल?" मी चेनकडेच बघत म्हणालो, "अ‍ॅसिडिटी, राव. रात्रीचं वांगं बंद कर." तू म्हणालास, "तसंच असंल." मी वरती बघितलंही नव्हतं. दोन सेकंद लागले असते. बसवाला थांबलाच असता, मिनिटभरासाठी तो कधी मला सोडून जात नव्हता, हॉर्न नुसता सवयीनं द्यायचा. तू दारात उभा राहून विचारत होतास आणि मी तपासल्याशिवाय ओके दिलं. मला हे कुणी विचारलं नाही, वहिनींनाही माहीत नाही. त्यांना सांगणार आहे. आज नाही, पण सांगणार आहे, त्यांनी विचारायची वाट न बघता.

अजूनही बधिरच आहे मी. फक्त कुठे सुई दिली होती ती जागा आता कळते.

आज शिफ्ट संपताना रजिस्टर मागून उघडलं. "उद्या याला बघतोच" हे तसंच आहे. खोडलं नाही, आपल्याकडे रजिस्टरमध्ये खोडायचं नसतं. त्याखाली लिहिलं, "भास्कर, दार नव्हतंच. मी झोपलो होतो. तुझं मत बरोबर आहे, पिक्चर हळू नाही." सही केली. मग खिशातून तो पिवळा टॅग काढला. निर्णयाच्या रकान्यापाशी पेन नेलं आणि थांबलो. तुला आठवत असेल, एकदा तू रजेवर असताना सुपरवायझर तुझा होल्ड काढून माल पाठवायला निघाला होता. तू फोनवरून आडवा आलास. म्हणालास, "ज्यानं लावला त्यानंच काढायचा, साहेब. मी येईपर्यंत थांबा." आणि सगळे तू येईपर्यंत थांबले होते.

सात वाजले. तुझ्या जागी आलेला माणूस मशीनभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभा होता, मी आवरायची वाट बघत. मी पेन खिशाला लावलं. टॅगवर तो रकाना मोकळाच ठेवलाय.